विभक्त पतिपत्नी आणि त्यांची मुले

लखनौहून कानपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, शहराच्या हद्दीतच, मानक नगर नावाचे स्थानक आहे. तेथील रेल्वे वसाहतीत भारतीय रेल्वेच्या संशोधन, अभिकल्प व मानक संघटनेचे कार्यालय आहे. १९३० साली स्थापन झालेले केंद्रीय मानक कार्यालय आणि १९५२ साली सुरू झालेले रेल्वे चाचणी व संशोधन केंद्र यांचे १९५७ मध्ये एकत्रीकरण होऊन ही संघटना अस्तित्वात आली. रूळ, पूल, डबे, इंजिने आणि सिग्नल यांची मानके येथे ठरतात. भुसावळच्या यार्डातील डबा गोरखपूरच्या रुळावर विनासायास धावतो, याचे कारण दोन्हीकडचे माप एकच, म्हणजे १६७६ मिलिमीटर, असते.

अशा वसाहतीतील कुटुंबे मात्र निरनिराळ्या प्रांतांतून नेमणुकीने किंवा बदलीने आलेली असतात, आणि त्यांचे विवाह काही एका मापाने झालेले नसतात. कोणाचा विवाह हिंदू विवाह अधिनियम, १९५५ अन्वये झालेला असतो. कोणाचा विशेष विवाह अधिनियम, १९५४ अन्वये नोंदणी कार्यालयात. ख्रिस्ती दांपत्यास १८६९ चा घटस्फोट अधिनियम, पारशी दांपत्यास १९३६ चा पारशी विवाह व घटस्फोट अधिनियम आणि मुस्लिम दांपत्यास त्यांचा वैयक्तिक कायदा लागू होतो. बौद्ध, जैन व शीख यांस हिंदू विवाह अधिनियमच लागू पडतो. म्हणून विभक्त होऊ पाहणाऱ्या पतिपत्नींनी प्रथम स्वतःस विचारावयाचा प्रश्न हा, की आपला विवाह कोणत्या कायद्याखाली झाला. विवाहाचे प्रमाणपत्र किंवा लग्नपत्रिका व छायाचित्रे यांसारखा पुरावा हाताशी ठेवणे ही त्या दृष्टीने पहिली तयारी होय.

विषय सुबोध व्हावा यासाठी एक उदाहरण घेऊ. ते काल्पनिक आहे. परंतु बदलीच्या नोकरीतील कोणत्याही कुटुंबावर तसा प्रसंग येऊ शकतो. एका दांपत्याचा विवाह नागपूरला झाला. पतीच्या नोकरीमुळे ते मानक नगरच्या क्वार्टरमध्ये राहावयास आले. त्यांना सात वर्षांची एक मुलगी आहे. मतभेद विकोपास गेले आणि एके दिवशी पत्नी मुलीला घेऊन नागपूरला माहेरी निघून गेली. पतीने लखनौच्या न्यायालयात एक अर्ज केला, पत्नीने नागपूरच्या न्यायालयात दुसरा. दोन्ही अर्जांत विवाह, पोटगी आणि मुलीचा ताबा या तिन्ही गोष्टींची सरमिसळ आहे. दरम्यान मुलीची एक शाळा सुटली आहे आणि दुसरी सुरू झालेली नाही.

या व्याख्यानात प्रामुख्याने सांगावयाचे आहे ते याच सरमिसळीविषयी. विवाह टिकवावयाचा की संपवावयाचा, उदरनिर्वाह कसा व्हावयाचा आणि मुलांचे काय, हे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत. प्रत्येकाची कसोटी निराळी आहे. पहिल्या दोहोंत पतिपत्नी हे पक्षकार असतात आणि त्यांना आपापसात तडजोड करता येते. तिसऱ्यात ज्याच्या हिताचा निर्णय व्हावयाचा ते मूल पक्षकार नसते, आणि त्याचे हित तडजोडीत देवघेवीसाठी वापरता येत नाही. कायदा पतिपत्नीचे नाते तोडू शकतो. माता आणि पिता यांचे मुलाशी असलेले नाते घटस्फोटाच्या हुकूमनाम्याने तुटत नाही.

यांपैकी पहिला प्रश्न विवाहाचा. महाराष्ट्रात या प्रश्नाचा न्यायालयीन इतिहास रखमाबाईंच्या खटल्यापासून सांगण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. रखमाबाईंचा विवाह वयाच्या अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाला होता. वयात आल्यावर त्यांनी पतीकडे नांदावयास जाण्याचे नाकारले. १८८४ साली दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. पण अपिलात तो निर्णय टिकला नाही, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना पतीकडे जाण्याचा, अन्यथा सहा महिने तुरुंगवास भोगण्याचा आदेश दिला. रखमाबाईंनी तुरुंगवास पत्करण्याची तयारी दर्शविली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या इंग्लंडात वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ सेवा केली.

त्या काळी हिंदू पत्नीस विवाहाच्या बंधनातून मुक्त होण्याचा सर्वसाधारण मार्ग कायद्यात नव्हता. बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाड यांच्या कारकीर्दीत १९३१ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला. मुंबई प्रांताने १९४७ साली तसा कायदा केला. सबंध देशासाठी हिंदू विवाह अधिनियम मे १९५५ मध्ये अमलात आला, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात रखमाबाईंचे निधन झाले. ज्या अधिकारासाठी त्यांना तुरुंगाची तयारी ठेवावी लागली, तो त्यांच्या आयुष्याच्या अगदी अखेरीस सर्व हिंदू स्त्रियांना कायद्याने मिळाला.

१९५५ च्या मूळ अधिनियमात घटस्फोटाची कारणे मोजकीच होती. १९७६ च्या दुरुस्तीने क्रूरता आणि सतत दोन वर्षांचा परित्याग ही घटस्फोटाची कारणे ठरली, आणि परस्परसंमतीने घटस्फोट घेण्याची तरतूद कलम १३-ब म्हणून समाविष्ट झाली. विशेष विवाह अधिनियमात अशी तरतूद प्रारंभापासूनच होती; ख्रिस्ती दांपत्यांसाठी ती २००१ साली आली.

परस्परसंमतीच्या मार्गाचे टप्पे असे आहेत. पतिपत्नी किमान एक वर्ष विभक्त राहत असली पाहिजेत. ‘विभक्त’ याचा अर्थ निराळ्या घरात असाच नाही. एकाच छपराखाली राहूनही पतिपत्नी म्हणून जीवन थांबलेले असू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये म्हटले आहे. दोघांनी मिळून अर्ज करावयाचा, सहा महिन्यांनंतर आणि अठरा महिन्यांच्या आत पुन्हा न्यायालयासमोर येऊन संमती कायम असल्याचे सांगावयाचे, असा क्रम आहे. ही सहा महिन्यांची प्रतीक्षा अपरिहार्य नाही, असा निर्णय २०१७ साली झाला. दीर्घकाळ विभक्त राहणे, समेटाचे प्रयत्न निष्फळ ठरणे आणि पोटगी व मुले यांविषयीचे सर्व प्रश्न मिटलेले असणे अशा परिस्थितीत न्यायालय ती माफ करू शकते. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकते. म्हणून अर्ज केला म्हणजे घटस्फोट झालाच, असे समजून पुढील बेत आखणे धोक्याचे असते.

‘विवाह पूर्णपणे मोडला आहे’ एवढेच कारण अधिनियमात घटस्फोटासाठी पुरेसे धरलेले नाही. सर्वोच्च न्यायालय संविधानाच्या अनुच्छेद १४२ खाली त्या कारणावरून विवाह संपुष्टात आणू शकते, असे मे २०२३ मध्ये घटनापीठाने ठरविले. हा अधिकार कुटुंब न्यायालयास नाही. त्याचप्रमाणे, कोऱ्या मुद्रांकावर लिहून नोटरीची मोहोर घेतलेली ‘फारकत’ हिंदू विवाह अधिनियमाखाली रूढीचा पुरावा असल्याखेरीज विवाह संपवीत नाही. असा कागद करून पुनर्विवाह केलेल्या व्यक्तींवर पुढे फार मोठे संकट ओढवते. न्यायालयाच्या हुकूमनाम्यानंतरही अपिलाची मुदत उलटेपर्यंत पुनर्विवाह करू नये.

आता पूर्वोक्त दांपत्याकडे वळू. अर्ज कोणत्या गावी करावयाचा? विवाहाची याचिका विवाह जेथे झाला तेथे, प्रतिवादी जेथे राहतो तेथे किंवा पतिपत्नी शेवटी जेथे एकत्र राहिली तेथे करता येते. २००३ च्या दुरुस्तीनंतर अर्जदार पत्नी असल्यास ती जेथे राहते तेथेही करता येते. म्हणजे या प्रकरणात लखनौ आणि नागपूर ही दोन्ही ठिकाणे कायदेशीर आहेत. मुलीच्या ताब्याचा स्वतंत्र अर्ज पालक व पाल्य अधिनियम, १८९० अन्वये असेल तर मात्र कसोटी एकच असते: अज्ञान मूल सामान्यतः कोठे राहते. चार दिवसांपूर्वी मुलाला गाडीत बसवून दुसऱ्या गावी नेले, एवढ्याने ते त्या गावचे सामान्य रहिवासी होत नाही. दोन राज्यांत दोन दावे चालू झाले तर ते एकत्र आणण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाकडे जावे लागते, आणि त्या खटपटीत वर्ष निघून जाते. अर्ज करण्यापूर्वी दोन्ही पक्षांनी एक गाव ठरवून घेतले तर कोणाचाही हक्क बुडत नाही, आणि मुलीचे वर्ष वाचते.

कुटुंब न्यायालये ही संस्था १९८४ च्या अधिनियमाने निर्माण झाली. महाराष्ट्रात पुणे व मुंबई येथे ती १९८९ साली सुरू झाली. दिवाणी न्यायालयाच्या रुक्ष चाकोरीतून हे वाद बाहेर काढावेत, हा या अधिनियमाचा हेतू. प्रथम तडजोडीचा प्रयत्न करणे हे न्यायाधीशाचे कर्तव्य आहे. समुपदेशकाची मदत मिळते. पक्षकाराची इच्छा असल्यास सुनावणी बंद खोलीत होते. आणि वकील देणे हा पक्षकाराचा हक्क नसून त्यासाठी न्यायालयाची अनुमती लागते. ‘तडजोड’ या शब्दाचा अर्थ मात्र नीट समजून घ्यावयास हवा. पुन्हा एकत्र नांदणे ही एक तडजोड आहे, तशी सभ्यतेने वेगळे होणे हीही तडजोडच आहे. जेथे मारहाण किंवा जिवाची भीती आहे, तेथे सलोख्याच्या नावाखाली कोणालाही परत जाण्यास भाग पाडणे अधिनियमास अभिप्रेत नाही. ज्यांना वकिलाचा खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते. १९८७ च्या अधिनियमानुसार स्त्रिया व मुले यांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत साहाय्य मिळते.

दुसरा प्रश्न उदरनिर्वाहाचा. दावा चालू असताना मिळणारी अंतरिम पोटगी आणि निकालानंतरची कायम पोटगी, या दोन्हींची तरतूद हिंदू विवाह अधिनियमात आहे, आणि ती मागण्याचा अधिकार पतीसही आहे. याखेरीज, ज्या पत्नीस, मुलास किंवा मातापित्यास स्वतःचा निर्वाह करता येत नाही, त्यांना धर्माचा विचार न करता दंडाधिकाऱ्याकडे किंवा कुटुंब न्यायालयाकडे जाता येते. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ म्हणून वर्षानुवर्षे परिचित असलेली ही तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाली आहे. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीसही तिचा आधार घेता येतो, हे १९८५ च्या शाहबानो प्रकरणानंतर वादाचा विषय झाले होते. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते निःसंदिग्धपणे मान्य केले.

पोटगीच्या दाव्यांत पूर्वी सर्वांत अधिक कालापव्यय होई तो उत्पन्न लपविण्यापायी. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांना आपली मालमत्ता, उत्पन्न, देणी व खर्च यांचे प्रतिज्ञापत्र दाखल करणे बंधनकारक केले, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असेही सांगितले. म्हणून वेतनचिठ्ठ्या, बँकेची पुस्तके, भविष्य निर्वाह निधीचा हिशेब, घरभाडे, शाळेची फी आणि औषधोपचाराच्या पावत्या यांची जुळवाजुळव भांडण न्यायालयात नेण्यापूर्वीच करावी.

निवाऱ्याचा प्रश्न याच्याशी निगडित आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा २००५ चा अधिनियम पत्नीस सामायिक घरात राहण्याचा अधिकार देतो; घर तिच्या नावावर असणे आवश्यक नाही. परंतु सरकारी क्वार्टर नोकरीशी जोडलेले असते आणि बदली वा निवृत्ती होताच सोडावे लागते. अशा वेळी तेच घर मागत बसण्यापेक्षा त्याच दर्जाचे दुसरे घर किंवा त्याचे भाडे मागणे अधिक हिताचे ठरते, आणि तशी तरतूद त्याच अधिनियमात आहे.

बहुतेक भारतात घटस्फोटानंतर पतीच्या मालमत्तेचा अर्धा वाटा पत्नीस आपोआप मिळत नाही. गोव्यात परिस्थिती निराळी आहे. तेथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालू असल्यामुळे, विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसल्यास पतिपत्नींची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि विभक्त होताना तिची निम्मी निम्मी वाटणी होते. उर्वरित देशात न्यायालय उत्पन्न, गरजा आणि वर्तन यांचा विचार करून रक्कम ठरविते. म्हणून तडजोडपत्रात दागिने, स्त्रीधन, संयुक्त खाते, घराचे कर्ज आणि विम्यावरील नामनिर्देशन यांचा स्पष्ट उल्लेख असावा.

तिसरा प्रश्न मुलांचा. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ म्हणतो, की नैसर्गिक पालक पिता आणि त्याच्यानंतर माता. या ‘नंतर’ शब्दाचा अर्थ पित्याच्या मृत्यूनंतर असाच घेतला जात असे. लेखिका गीता हरिहरन यांच्या प्रकरणात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ ‘पित्याच्या अनुपस्थितीत’ असा लावला. पिता मुलाची जबाबदारी घेत नसेल तर त्याच्या हयातीतही माता नैसर्गिक पालक असते. त्याच अधिनियमानुसार पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः मातेकडे असतो. परंतु या सर्व नियमांच्या वर कलम १३ आहे: मुलाचे कल्याण हाच सर्वोच्च विचार.

कल्याण म्हणजे केवळ अधिक वेतन किंवा मोठे घर नव्हे. मुलाचे वय, त्याची सवयीची शाळा व सोबती, प्रकृती, भावंडांपासून ताटातूट होते की नाही, आणि समज आलेली असल्यास त्याची स्वतःची इच्छा, या सर्वांचा विचार होतो. ताब्याचा आदेश कायमचा नसतो. परिस्थिती पालटली तर तो बदलून मागता येतो. ज्याच्याकडे ताबा नाही त्या पालकास भेटीचा अधिकार असतो. किंबहुना, दोन्ही पालकांचे प्रेम मिळणे हा मुलाचाच अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. दूरच्या गावी असलेल्या पालकास दूरध्वनीवरून व दृक्‌श्राव्य संपर्कातून मुलाशी नियमितपणे बोलता यावे, असेही त्याच निर्णयात म्हटले आहे.

येथे पालकांकडून दोन चुका वारंवार होतात. पहिली, पोटगी थांबली म्हणून भेट बंद करणे. दुसरी, भेट मिळत नाही म्हणून पोटगी थांबविणे. पोटगी थकली तर वसुलीचा अर्ज करावा; भेट नाकारली गेली तर अंमलबजावणीचा. एकाची थकबाकी दुसऱ्यातून वळती करून घेण्याची सोय कायद्यात नाही, कारण दोन्ही गोष्टी मुलाच्या आहेत. त्याच कारणास्तव, ‘घटस्फोट लवकर द्या, मुलीसाठी काही मागणार नाही’ अशी लेखी कबुली मातेने दिली, तरी ती स्वतःच्या हक्कापुरतीच ठरते. मुलीचा हक्क तिला सोडून देता येत नाही.

मानक नगर आणि नागपूर यांच्यामध्ये अडकलेल्या त्या मुलीसाठी एक चांगला करारनामा कसा असेल? ती शैक्षणिक वर्ष कोणत्या गावी पुरे करील, हे त्यात प्रथम लिहिलेले असेल. उन्हाळ्याची, दिवाळीची व नाताळची सुट्टी कोणाकडे किती दिवस, तिला आणावयास व पोहोचवावयास कोण जाईल, प्रवासखर्च कोणी सोसावयाचा, आठवड्यातून कोणत्या वारी व कोणत्या वेळी दूरध्वनी व्हावयाचा, हे ठरलेले असेल. शाळेचे प्रगतिपुस्तक व वैद्यकीय कागद दोघांनाही मिळतील. शस्त्रक्रिया, शाळाबदल, परदेशप्रवास यांसाठी दोघांची संमती लागेल. पित्याची पुन्हा बदली झाली तर वेळापत्रक कसे बदलेल, याचे कलमही त्यात असेल. अशा करारावर न्यायालयाची मान्यता घेतली म्हणजे त्यास आदेशाचे बळ येते.

कराराने साधत नाही असेही काही आहे. मुलीला निरोप्या करू नये, ‘तुझ्या बाबांना सांग’ किंवा ‘आईने तिकडे काय सांगितले’ असे तिला विचारू नये, न्यायाधीशापुढे काय बोलावयाचे हे तिला पढवू नये, आणि भेटीच्या दिवशी दारात जुना हिशेब काढू नये. या गोष्टी कोणताही अधिनियम घराघरांत येऊन पाहू शकत नाही. त्या मातापित्यांनीच पाळावयाच्या असतात.

विवाहाची मानके धर्मपरत्वे आणि प्रांतपरत्वे निराळी आहेत. उत्तराखंडात २०२५ पासून समान नागरी संहिता लागू झाली आहे आणि अन्यत्रही कायदे बदलत राहतील. परंतु मुलाच्या हिताचे माप देशातील न्यायालयांनी एकच मानले आहे, मग माता कोणत्याही धर्माची असो वा पिता कोणत्याही गावी बदलून गेलेला असो. उदाहरणातील दांपत्याने प्रथम मुलीची शाळा, नंतर तिचा व आईचा निर्वाह आणि शेवटी विवाहाचा प्रश्न, या क्रमाने बोलणी केली, तर त्यांचा घटस्फोट कदाचित टळणार नाही. पण जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा ती मुलगी आपल्या वर्गात बसलेली असेल.